जुन्या पोकलेनचा तांबडा दिवा

निपाणी मागे टाकून गाडी स्तवनिधीचा घाट चढू लागली, की पुणे-बेंगळूरु महामार्गाच्या कडेला डोंगर पोखरणारी पिवळी यंत्रे गेली कित्येक वर्षे आपल्या दृष्टीस पडत आली आहेत. लांब हात, त्याच्या टोकाला दातेरी बकेट आणि खाली रणगाड्यासारखे साखळीचे पाय. आपल्याकडील लहान मूलसुद्धा या यंत्राला ‘पोकलेन’ म्हणते. वास्तविक हे यंत्राचे नाव नव्हे, एका फ्रेंच कारखान्याचे आहे. जॉर्ज बताय नावाच्या गृहस्थांनी १९२७ साली शेतीच्या अवजारांचा जो उद्योग काढला, त्यातून पुढे पोक्लेन ही कंपनी उभी राहिली आणि तिने १९५१ साली तेलाच्या दाबावर चालणारे आपले पहिले उत्खननयंत्र बनवले. पुढे लार्सन अँड टुब्रो कंपनीने तिच्या सहकार्याने ही यंत्रे भारतात तयार केली. आज आपल्या भागात धावणारी बहुतेक यंत्रे दुसऱ्याच कारखान्यांची असतात, त्यांतली काही तर आपल्या शेजारच्या धारवाडला बनलेली असतात. परंतु लोकांच्या तोंडी नाव बसले ते बसलेच.

रस्त्याचे एखादे मोठे काम आटोपले, की ठेकेदार आपली जुनी यंत्रे विक्रीस काढतात. वीस टनी नव्या यंत्राची किंमत अर्ध्या कोटीच्या वर जाते. ते आठ-दहा हजार तास चाललेले असेल, तर तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळते. निपाणी, चिकोडी, हुक्केरी या बाजूच्या कितीतरी तरुणांनी अशी यंत्रे घेतली आहेत. शेत सपाट करणे, विहिरीचा गाळ उपसणे, ओढ्याचे पात्र रुंद करणे, खाणीतला दगड भरणे अशी कामे तासाच्या हिशेबाने मिळतात. त्या तासांवर बँकेचा हप्ता आणि घरची चूल दोन्ही अवलंबून असतात. म्हणून या यंत्राच्या इंजिनात तेलाचा दाब कमी होतो म्हणजे काय होते, तो का होतो आणि कारण शोधावे कसे, हा विषय मी आजच्या भाषणासाठी निवडला आहे.

मी यंत्रविद्येतील तज्ज्ञ नाही. बेळगावात शाळेमध्ये विज्ञान शिकवतो. या विषयाशी माझा संबंध आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. निपाणीजवळच्या एका खेड्यातला हा मुलगा. वडिलांच्या नावची तंबाखूची जमीन तारण ठेवून त्याने एक जुने पोकलेन घेतले. चार महिने काम उत्तम चालले. मग एके दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला, “सर, तेलाचा दिवा लागतोय. मिस्त्री म्हणतात, इंजिन उतरवायला लागतंय. तुम्ही एकदा येऊन बघितलासा तर बरं होईल.” इंजिन उतरवायचे म्हणजे अडीच-तीन लाखांचा खर्च आणि महिनाभर काम बंद. त्याच्या आवाजातली भीती दिव्याची नव्हती, हप्त्याची होती. मी म्हटले, “येतो. तोवर यंत्र सुरू करू नकोस.” त्यावर तो जरा घुटमळला. मागाहून कळले ते असे, की दिवा प्रथम लागला त्याला पंधरा दिवस होऊन गेले होते आणि मध्यंतरी ऑपरेटरने त्रास नको म्हणून दिव्याची वायरच काढून ठेवली होती.

आता आधी हा दाब म्हणजे काय ते पाहू. इंजिनाच्या तळाशी लोखंडी तबक असते, त्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. त्यात वंगणाचे तेल साठलेले असते. एक लहान दातेरी पंप ते तेल जाळीतून ओढतो, फिल्टरमधून व तेल थंड करणाऱ्या कूलरमधून पुढे ढकलतो आणि इंजिनाच्या अंगातून गेलेल्या मुख्य वाहिनीत सोडतो. तेथून ते क्रँकच्या बेअरिंगांना, कनेक्टिंग रॉडना, वर रॉकरपर्यंत आणि टर्बोला पोचते व पुन्हा खाली ठिबकून चेंबरमध्ये जमा होते. पुष्कळांची अशी समजूत असते, की पंप दाब तयार करतो. पंप केवळ तेल ढकलतो. त्या तेलाला बाहेर पडण्याच्या वाटा अरुंद असतात, म्हणून दाब उत्पन्न होतो. उसाला पाणी पाजणाऱ्यांना हे सांगायला नको. मोटर तीच, विहीर तीच. पण मध्येच पाइपाला मोठी चीर पडली, तर शेवटच्या सरीला पाणी जोराने पोचत नाही. अशा वेळी मोटर बदलून काय उपयोग?

इंजिनात या ‘चिरा’ म्हणजे बेअरिंगातल्या फटी. क्रँक आणि त्याभोवतीचे बेअरिंगचे शेल यांच्यामध्ये नव्या इंजिनात साधारण एक मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ मिलिमीटर इतकी फट असते. झिजेने ती दुप्पट झाली तर गळती दुप्पट होईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती आठपट होते, कारण अशा बारीक फटीतून वाहणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याच्या जोडीला तेलाचा दाटपणा येतो. आपण डिझेल इंजिनात जे १५ डब्ल्यू ४० तेल घालतो, ते ४० अंश सेल्सियसला जेवढे दाट असते त्याच्या सुमारे सातवा हिस्सा दाटपणा १०० अंशाला उरतो. म्हणून सकाळी थंड इंजिनात दाब भरपूर दिसतो आणि दुपारी उतरतो. तिसरी गोष्ट इंजिनाच्या गतीची. पंप इंजिनावरच फिरतो, त्यामुळे संथ गतीत तो थोडे तेल देतो. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या, की इंजिन पूर्ण तापलेले आणि संथ चाललेले असताना दाब सर्वांत कमी असणार हे उघड आहे. दोष प्रथम दिसतो तोही याच वेळी.

येथे एक जुनी हकीकत सांगण्याचा मोह होतो. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर नावाचा अभियंता आगगाडीच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडले, तर आत जाण्याऐवजी तेल त्यातून वर येऊ लागले. त्याने बूच बसवले. ते निघून आले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर सरकली. शेवटी दाबमापक लावला, तेव्हा बेअरिंगवरील सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड असताना काटा २०० पौंडांच्या पलीकडे गेला. फिरणारा आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो, हे त्यावरून कळले. १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. आपल्या क्रँकचीही हीच स्थिती आहे. हजारो किलोंचा धक्का पेलतो तो थर क्रँकने स्वतःच निर्माण केलेला असतो. पंपाचे काम त्या थराला तेल कमी पडू न देण्याचे. पुरवठा तुटला, की थर तुटतो, धातूला धातू घासतो आणि काही मिनिटांत शेल वितळून क्रँकला चिकटतो.

दुसऱ्या दिवशी मी एस. टी.ने निपाणीला गेलो. मिस्त्री वयाने माझ्याहून वडील, अनुभवी आणि सरळ मनाचे होते. त्यांचे म्हणणे असे, की इतक्या तासांनंतर दाब गेला म्हणजे बेअरिंगे गेली. दुसऱ्या एकाने सांगितले होते, सेन्सर बदला, चार-पाचशे रुपयांत भागेल. एक म्हणतो तीन लाख, दुसरा म्हणतो पाचशे. आणि दोघांनीही दाब मोजलेला नव्हता!

तांबडा दिवा दाब मोजत नाही. तो पाच-दहा पौंडांच्या खाली दाब गेला एवढेच सांगतो, आणि तेही स्विच शाबूत असेल तर. म्हणून पहिली पायरी अशी, की स्विच काढून त्याच भोकात साधा काट्याचा दाबमापक बसवावा. आत वाकवलेली पितळी नळी असलेले हे मापक युजेन बूर्दाँ या फ्रेंच माणसाने १८४९ साली शोधले. आजही त्याला वीज लागत नाही आणि ते खोटे बोलत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत, जेथे हायड्रॉलिकचे सुटे भाग ठायी ठायी मिळतात, तेथून मी एक मापक आणि जोडणीची नळी घेऊन गेलो होतो. त्यावरचा सर्वांत मोठा आकडा १०० पौंडांचा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पोकलेनच्या हातापायांना चालवणारे तेल वेगळे आणि त्याचा दाब चार-पाच हजार पौंडांपर्यंत जातो. त्या वाहिनीला हे मापक चुकून लावले, तर जिवावर बेतेल.

पण इंजिन सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक ओढून पाहणे आवश्यक होते. तेल वरच्या खुणेच्याही वर बोटभर चढलेले होते. “कुणी तेल घातले का?” म्हणून विचारले, तर ऑपरेटर कौतुकाने म्हणाला, “न्हाई सर. आपलं इंजिन तेल खातच न्हाई!” इंजिनाने तेल थोडे खावे, हे स्वाभाविक आहे. न घालता ते वाढले, तर दुसरे काहीतरी त्यात येऊन मिळत आहे. पाणी असेल तर तेल ताकासारखे दिसते आणि तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकला तर चरचरते. तसे काही झाले नाही. वास मात्र डिझेलचा होता. शाळेच्या प्रयोगशाळेतला गाळणकागद मी बरोबर नेला होता. त्यावर डिपस्टिकचा एक थेंब सोडून आम्ही चहाला गेलो. परत येऊन पाहिले, तर मधल्या काळ्या ठिपक्याच्या बाहेर फिकट, तेलकट कडे लांबवर पसरले होते. तेलात डिझेल मिसळले असण्याची ही खूण.

आता इंजिन थोडा वेळच चालवायचे ठरवले. थंड असताना काटा ५० पौंडांवर गेला. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, जणू दोष नाहीच. अर्ध्या तासाने तेल तापल्यावर, पूर्ण गतीला २२ आणि संथ गतीला ६ पौंड. अशा यंत्रांत सर्रास आढळणाऱ्या एका सहा सिलिंडरी इंजिनाच्या पुस्तिकेत तापलेल्या अवस्थेसाठी संथ गतीला किमान १० आणि पूर्ण गतीला किमान ३० पौंड दिलेले आहेत. प्रत्येक इंजिनाचे आकडे त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. पण इतके कळले, की सेन्सरचा दोष नव्हता. दिवा खरे बोलत होता.

काट्याची चालही बघण्यासारखी असते. दाब थंडीतही कमी आणि गती वाढवली तरी वर येत नसेल, तर जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला असावा किंवा पंप झिजला असावा. काटा थरथरत असेल, विशेषतः यंत्र उतारावर तिरके उभे असताना, तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आहे. तेल कमी पडले असेल किंवा जाळीपासून पंपापर्यंतची नळी ढिली असेल. संथ गतीत ठीक, पण गती वाढवताच दाब खाली येतो, अशा वेळी चेंबरमधली जाळी चोंदलेली सापडते. फिल्टर बदलल्यावरच दोष सुरू झाला असेल, तर तो फिल्टर आधी पाहावा. बाजारात डब्याला डबा सारखा दिसतो आणि आतला व्हॉल्व्ह निराळा निघतो. दाब फार वाढणे हेही चांगले लक्षण नाही. रिलीफ व्हॉल्व्ह बंद अडकला असावा, नाहीतर फार दाट तेल घातले असावे. आमचा काटा स्थिर होता आणि गतीबरोबर वर-खाली होत होता. याचा अर्थ पंप व जाळी बहुधा ठीक. तेल पातळ झाले आहे, किंवा फटी वाढल्या आहेत, किंवा दोन्ही.

डिझेल कोठून येत होते? टाकीतले डिझेल इंजेक्शन पंपाकडे पाठवणारा फीड पंप इंजिनाच्या कुशीला बसवलेला असतो आणि आतला कॅम त्याला चालवतो. त्याचा पडदा किंवा सील गेले, तर डिझेल थेट चेंबरमध्ये उतरते. नोझल गळत असेल तरीही तसेच होते. परंतु त्या वेळी बहुधा धूर वाढतो व इंजिन अडखळते. येथे तसे नव्हते. मिस्त्रींनी फीड पंप उतरवला, तोंडे बंद करून त्यात डिझेल भरले आणि रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला. सकाळी कॅमच्या बाजूचा कागद पारदर्शक झाला होता. पंप बदलला, जुने तेल काढले, नवा फिल्टर आणि योग्य तेल घातले. तापल्यावर संथ गतीला ११ पौंड. दिवा विझला.

मुलाला वाटले, काम झाले. मलाही तसेच वाटले, हे मी कबूल करतो. मिस्त्री मात्र अडून बसले. त्यांनी जुना फिल्टर करवतीने कापून त्यातला कागद उलगडला. पुस्तकी माणसाला जे सुचले नाही ते त्यांना सुचले होते. कागदाच्या घड्यांत बारीक चमक होती. लोहचुंबकाला ती चिकटेना. लोखंड नव्हे, म्हणजे बेअरिंगची धातू. पंधरा दिवस पातळ तेलावर चालल्याचा तो हिशेब होता. इंजिन न उतरवता खालून चेंबर सोडून दोन कनेक्टिंग रॉडच्या टोप्या त्यांनी उघडल्या. शेलचा वरचा करडा मऊ थर अर्धा नाहीसा होऊन खालचा तांबूस थर दिसू लागला होता. फट मोजण्यासाठी प्लॅस्टिकचा बारीक धागा मिळतो. तो क्रँकवर ठेवून टोपी नेमक्या जोराने कसायची, पुन्हा उघडायची आणि चपटा झालेला धागा किती रुंद झाला ते पट्टीशी ताडून पाहायचे. ०.११ मिलिमीटर आले, मर्यादेच्या बाहेर. दैव एवढेच की क्रँकवर ओरखडा नव्हता. त्यामुळे क्रँक काढून ग्राइंडिंगला न्यावे लागले नाही. रॉडचे व मुख्य बेअरिंगांचे शेल खालूनच बदलले. चार दिवस लागले आणि आधी सांगितलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्श्यात काम झाले. मिस्त्रींचे निदान अर्धे बरोबर होते, माझेही अर्धेच. कारण फीड पंप न बदलता त्यांनी इंजिन बांधले असते, तर नवी बेअरिंगेही दोन महिन्यांत गेली असती. आणि फिल्टर न कापता मी घरी परतलो असतो, तर त्या ११ पौंडांवर विश्वासून यंत्र एखाद्या दुपारी शेतातच बसले असते.

यंत्र विकत घेताना हे कळले नसते काय? थोडेफार कळले असते. विक्रेत्याने त्या वेळी इंजिनात फार दाट तेल भरून ठेवले होते, असे आता लक्षात येते. दाट तेल वाढलेल्या फटींतून कमी गळते आणि दिवा गप्प राहतो. चार महिन्यांनी मुलाने नियमाप्रमाणे योग्य तेल घातले आणि दिवा लागू लागला, तेव्हा त्याने दोष नव्या तेलालाच दिला! जुने यंत्र पाहायला जाणाऱ्यांनी विक्रेत्याला आधीच सांगावे, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. या वेळी तेलाचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही, तर दिवा जळालेला आहे किंवा कोणीतरी वायर काढली आहे. मग इंजिन सुरू करून यंत्राला तासभर खरोखरीचे खोदकाम करू द्यावे आणि तापल्यावर, संथ गतीला, आपल्या मापकावर दाब पाहावा. थंड इंजिनाचा दाब दाखवून ‘बघा, कसा आहे’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. डिपस्टिकवरचे तेल मधासारखे घट्ट ओघळत असेल, तर ते कोणते व केव्हा घातले ते विचारावे. शक्य असल्यास फिल्टर कापून पाहण्याची परवानगी मागावी. नव्या फिल्टरचे हजार-दीड हजार रुपये आपण द्यावेत; विक्रेता त्याला तयार नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

ऑपरेटर मंडळींसाठी एक गोष्ट राहिली. एरवी टर्बो निवावा म्हणून इंजिन तीन-चार मिनिटे संथ चालवून मग बंद करावे असे आपण शिकवतो, आणि ते योग्यच आहे. तेलाचा दिवा लागला तर मात्र हा नियम बाजूला ठेवावा. बकेट जमिनीला टेकवावी आणि इंजिन ताबडतोब बंद करावे. ट्रॉली अर्धी भरली असेल, तर अर्धीच राहू द्यावी.

त्या मुलाचे यंत्र सध्या वेदगंगेच्या काठच्या एका शेतात बांध काढीत आहे. दाबमापक त्याने परत केला नाही. तो कायमचाच केबिनमध्ये दिव्याशेजारी बसवून घेतला आहे. दर शनिवारी काम संपताना, इंजिन तापलेले असताना, ऑपरेटर संथ आणि पूर्ण गतीचे आकडे शंभर पानी वहीत लिहून ठेवतो. ती वही मी मागच्या भेटीत पाहिली. अक्षर वाईट आहे, पण आकडे वाचता येतात : संथ १७, पूर्ण ४८. त्यापुढच्या शनिवारी संथ १७, पूर्ण ४७.